दोन खाचांची पुली

५ फेब्रुवारी

मोजणीसाहेब,

नमस्कार. दोन महिने पत्र नाही, म्हणजे एक तर तुम्ही माझ्यावर रुसलात किंवा दुसरा कोणी पुलीवाला गाठलात. दुसरा पुलीवाला आता उरलेलाच नाही, तेव्हा रुसवाच असणार. तो सोडा. तुमच्या गाडीची दोन खाचांची पुली सापडली!

एका म्हाताऱ्या डॉक्टरांची गाडी भंगारात निघाली. तुमचंच मॉडेल, तेच साल, आणि कारखान्यातूनच एसी बसवून आलेली. पुढचं तोंड पार चेपलंय, पण इंजिनाच्या नाकावरची पुली शाबूत. पुढची खाच पंख्याच्या बेल्टची, मागची एसीच्या बेल्टची, दोन्हींच्या कडा धडधाकट. तुमच्या पुलीसारखा टवका उडालेला नाही. गुडघा कुरकुरत होता, पण साहेबांची पुली म्हटल्यावर गुमान निघाला माझ्याबरोबर.

मात्र मागच्या वेळेसारखी फजिती नको. ह्या मॉडेलला दोन जातींच्या पुल्या बसवलेल्या आहेत. दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीची मागची खाच चार मिलिमीटर आत. चार मिलिमीटरनं काय होतंय असं म्हणणाऱ्याचा बेल्ट आठवड्यात फाटतो. तेव्हा इंजिनाच्या तोंडापासून कॉम्प्रेसरच्या खाचेच्या मध्यापर्यंतचं अंतर नीट मोजून कळवा. मोजण्याचं मी तुम्हाला काय शिकवणार म्हणा.

फोन करू नका. माझे कान तुम्हाला माहीत आहेत.

तुमचा,
पुलीवाला


९ फेब्रुवारी

चिमे,

हे जाऊन आज सव्वीस दिवस झाले. तू तुझ्या घरी परत गेल्यापासून इथं बोलणारं कोणी नाही, म्हणून तुला लिहिते. फोनवर मला रडू येतं आणि मग तू पण रडतेस, त्यात कामाचं काही बोलणं होत नाही.

काल ह्यांच्या नावानं एक पत्र आलं. हल्ली ह्यांच्या नावाची पत्रं 'कै.' लावून येतात. हे मात्र नुसतं 'मोजणीसाहेब' म्हणून आलं, ह्यांच्या जमीनमोजणीच्या नोकरीवरून. तो जुन्या गाड्यांच्या पुल्या विकणारा माणूस आहे ना, तो. हे त्याच्याकडून भाग मागवायचे एवढं मला ठाऊक होतं. पत्र वाचून मी गॅरेजमध्ये गेले, ह्यांचा खण उघडला, तर त्याची पत्रं तारखेप्रमाणे क्लिप लावून ठेवलेली. नऊ वर्षांची! सगळी वाचली. चिमे, हा माणूस घरात 'भूक लागली' आणि 'दिवा घालव' ह्यापलीकडे बोलत नाही, असं मी जन्मभर सगळ्यांना सांगत आले. आणि तो पुलीवाला लिहितो, 'तुमचा छत्रीचा किस्सा वाचून इतका हसलो की गिऱ्हाईक परत गेलं.' कुठला छत्रीचा किस्सा? मला ठाऊक नाही. बायकोला ठाऊक नाही आणि पुलीवाल्याला ठाऊक आहे.

आता रागावू नकोस. मी त्याला ह्यांच्या नावानं उत्तर टाइप केलंय, उद्या टाकते. हे गेले असं कळवलं की दोन ओळींचं दुःखाचं पत्र येईल आणि संपलं. जगात एकच माणूस आहे ज्याच्या लेखी हे अजून गॅरेजमध्ये खटपट करत बसलेत. त्याची पत्रं थांबली तर हे पुन्हा एकदा जातील, आणि ह्या खेपेला मला ते सोसवणार नाही. शिवाय त्याच्या उत्तरांतून ह्यांचं बोलणं ऐकू येतं. अर्धंच, पण येतं.

ह्यांनी लिहिलेलं एकही पत्र माझ्याकडे नाही, ती सगळी तिकडे. सुरुवात कशी करायचे, शेवट कसा करायचे, सगळा अंदाजच. एवढं माहीत आहे की दोन बोटांनी टाइप करायचे आणि वर खाडाखोड. कोर्टात तेहतीस वर्षं मी टायपिस्ट होते, माझ्या कागदावर कधी कुणी बोट ठेवलं नाही. काल मला ठरवून आठ चुका कराव्या लागल्या. हात वळेना गं.

अंतर मात्र मी नीट मोजलंय. ह्यांची स्टीलची पट्टी घेऊन बॉनेटखाली वाकले, तर पाठीत उसण भरली.

ताई


१० फेब्रुवारी

पुलीवाले,

सप्रेम नमस्कार. रुसवा वगैरे काही नाही. मध्यंतरी तब्येत बरी नव्हती, म्हणून पत्राला उशीर झाला. पुली सापडल्याचं वाचून फार आनंद झाला. तुम्ही घेतलेल्या कष्टांबद्दल आभार.

अंतर बासष्ट मिलिमीटर आहे. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा बासष्टच आलं.

तुमचा गुडघा आता कसा आहे? थंडीत उगाच धावपळ करू नका. शेकत जा.

माझा तो छत्रीचा किस्सा तुम्ही आणखी कुणाला सांगितलात का? सांगितला असल्यास कसा सांगितलात ते कळवावे, म्हणजे त्यात तिखटमीठ किती पडलं ते कळेल.

कळावे, लोभ आहे तो वाढावा.

आपला,
मोजणीसाहेब


१९ फेब्रुवारी

मोजणीसाहेब,

नमस्कार. बासष्ट म्हणजे आपलीच पुली. तागाच्या कापडात गुंडाळून, खोक्यात घालून आजच पाठवली. मधला बोल्ट काढताना पान्याला लांब पाइप लावा, ताकदीनं जाऊ नका. बसवल्यावर कॉम्प्रेसरच्या पुलीपासून इंजिनाच्या पुलीपर्यंत दोरा ताणून धरा. दोरा दोन्ही पुल्यांच्या दोन-दोन कडांना, म्हणजे चार जागी टेकला की समजा जमलं. तीन जागीच टेकला तर मला शिव्या द्या.

गुडघा बरा आहे. शेकतो आहे.

किस्सा मी बऱ्याच जणांना सांगितलाय. कसा सांगतो म्हणाल, तर असा. दोन सख्खे भाऊ, बारा वर्षं अबोला. साहेब दिवसभर साखळी ओढून बांधाची हद्द काढतात, दगड रोवतात, दोघांच्या सह्या घेतात आणि निघतात. अर्ध्या वाटेत आठवतं, छत्री तिथंच राहिली. परत येऊन बघतात तर दोघे भाऊ मिळून तो दगड उचलताहेत आणि तिसऱ्याच शेजाऱ्याच्या रानात सरकवताहेत! 'साहेब, तुमच्यामुळे आम्ही बोलायला लागलो,' असं वर थोरला म्हणतो. साहेब दगड पुन्हा जागेवर रोवून घेतात आणि हसू दाबत निघतात ते छत्री तिथंच विसरून. पाऊस मात्र त्यांना विसरत नाही. घरी चिंब होऊन पोचतात.

तिखटमीठ असेल तर शेवटच्या दोन वाक्यांत आहे.

दुकानात सध्या माश्या मारतो आहे. नव्या गाड्यांना एकच चपटा बेल्ट, तोच सगळं फिरवतो. खाचांच्या पुल्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या आहेत, चिठ्ठ्या बांधून. सकाळी एकेक पुसतो, म्हणजे दुपार होते.

तुमचा,
पुलीवाला


२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून हसावं का रडावं तेच कळेना. अगं, खोट्या सह्यांचे खटले टाइप करण्यात तुझा जन्म गेला, आणि आता तूच भाऊजींच्या नावानं पत्रं पाठवतेस? त्या बिचाऱ्या पुलीवाल्याला उद्या कळलं तर कुठल्या तोंडानं बोलशील? आणि नाही कळलं तर ते मला जास्त वाईट वाटतं, खरं सांगते.

इकडे ये. खोली रिकामी आहे, माझे जावई काही म्हणणार नाहीत, ते कुणालाच काही म्हणत नाहीत. गाडी देऊन टाक कुणाला तरी. आणि खरं सांग, जेवतेस ना वेळेवर?

तुझी,
चिमी


३ मार्च

चिमे,

जेवते. तू आधी वाच.

छत्रीचा किस्सा कळला. छत्री हरवली एवढंच मला सांगितलं होतं ह्यांनी. वीस वर्षं झाली असतील. नवी छत्री होती म्हणून मी दोन दिवस तोंडाचा पट्टा सोडला होता. हे मान खाली घालून जेवले. एवढी मजेची गोष्ट पोटात होती आणि मी त्यांना बोलू दिलं नाही. ह्यांच्या गप्प बसण्याला मीच नावं ठेवत आले, चिमे.

पुली आली आणि मी ती बसवली. हो, मी. पुढची जाळी आणि रेडिएटर ह्यांनी काढूनच ठेवला होता. पाइप लावून पाना ओढला तेव्हा बोल्ट असा किंचाळला की शेजारीण बघायला आली. तिला सांगितलं, झाडलोट चाललीय. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, तिनं काय ओळखायचं ते ओळखलं असेल. मग शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि ताणून धरला.

चारही जागी टेकला. केसभर फट नाही.

आणि मी तिथं फरशीवर बसून रडले. आनंदानं नव्हे. आता त्याला काय लिहायचं? 'पुली बसली, आभारी आहे.' मग तो तरी कशाला पत्र पाठवेल? गाडी पूर्ण झाली की ह्यांना त्याच्याशी बोलायला काही कारणच राहत नाही.

म्हणून मी लिहिणार आहे की बसली नाही. तुला कळवून ठेवते, म्हणजे निदान एका माणसाशी तरी मी खरं बोलले.

ताई


४ मार्च

पुलीवाले,

सप्रेम नमस्कार. पुली मिळाली. कळवण्यास वाईट वाटतं की दोरा तीनच जागी टेकतो. साधारण तीन मिलिमीटरचा फरक असावा. बहुधा ही जुळ्यांपैकी दुसरी निघाली. शिव्या देत नाही. सवडीनं दुसरी मिळाली तर पाहावी, घाई मुळीच नाही.

तुमच्या सकाळच्या कामाचं वाचून बरं वाटलं. भिंतीवर एकूण पुल्या किती आहेत? आणि ऑफिसातले माझे आणखी कोणते किस्से तुम्हाला आवडले, तेही कळवावे.

लोभ असावा.

मोजणीसाहेब


२२ एप्रिल

मोजणीसाहेब,

नमस्कार. अक्षर लागत नसेल तर माफ करा. डाव्या हातानं लिहितोय, दोन दिवसांपासून हेच एक पत्र चाललंय.

तुमचं पत्र आल्यावर डॉक्टरांच्या गाडीची जोडीदार शोधायला लागलो. चार ठिकाणी नाही म्हणाले. पाचव्या ठिकाणी, इथून बसनं पाच तास, भंगाराच्या ढिगात तीच गाडी उभी होती. उभी म्हणजे दोन गाड्यांच्या खाली. आत हात घालून बोल्ट काढला, पुली ओढून घेतली आणि तेवढ्यात वरचं बॉनेट सुटलं. उजव्या हाताची तीन बोटं आणि मनगट. दवाखान्यात पाच आठवडे प्लास्टर. परवा काढलं, बोटं अजून मिटत नाहीत.

पण पुली मिळाली. मी हातात धरूनच दवाखान्यात गेलो, नर्स म्हणाली आधी ते लोखंड खाली ठेवा. सोबत पाठवतो आहे. ह्या खेपेला चारही जागी टेकेल.

पुल्या दोनशे बारा आहेत. हल्ली एका हातानं पुसतो, त्यामुळे दुपारऐवजी संध्याकाळ होते.

तुमचा,
पुलीवाला


२७ एप्रिल

पुलीवाले,

हे पत्र मोजणीसाहेबांचं नाही. मोजणीसाहेब चौदा जानेवारीला गेले. बसल्या जागी, गॅरेजमध्येच. मी त्यांची बायको. फेब्रुवारीपासूनची दोन्ही पत्रं मी लिहिली.

आणि पहिली पुली बसली होती. दोरा चारही जागी टेकला होता. मी खोटं लिहिलं.

का लिहिलं ते सांगते, पण त्यानं माझी चूक कमी होत नाही. तुमची पत्रं येत राहावीत म्हणून लिहिलं. त्यात हे बोलायचे. माझ्याशी कधी बोलले नाहीत तसे. बसल्या जागी मी तीन मिलिमीटर टाइप केले आणि त्यापायी तुम्ही पाच तास बसनं जाऊन हात मोडून घेतलात. तुमच्या वाकड्यातिकड्या अक्षरांकडे बघवत नाही. मी माफी मागते. ती तुम्ही द्यावी असा माझा हट्ट नाही.

दुसरी पुली परत पाठवते आहे. ती तुमची आहे.

ह्यानंतर तुम्ही पत्र पाठवणार नाही हे मी धरून चालले आहे. पाठवलंत तर एवढं एकच सांगा. ह्यांची सगळी पत्रं तुमच्याकडे आहेत. त्यांत माझ्याबद्दल त्यांनी कधी काही लिहिलं होतं का? बरं वाटावं म्हणून सांगू नका. खरं काय ते सांगा.

मोजणीसाहेबांची बायको


८ मे

वहिनी,

नमस्कार. मला ठाऊक होतं.

फेब्रुवारीतल्या पत्रातच ठाऊक झालं. एक तर साहेबांनी नऊ वर्षांत माझ्या गुडघ्याची कधी चौकशी केली नाही. गुडघा नावाचा अवयव त्यांना माहीत असावा का, हीच मला शंका. दुसरं म्हणजे टायपिंग. त्यांचं पान म्हणजे कोंबड्यांनी उकरलेलं अंगण. तुमच्या पानात चुका होत्या, पण त्यासुद्धा शिस्तीत, समास सोडून. मी समजलो की साहेब अंथरुणाला खिळले आहेत किंवा त्याहून वाईट काही आहे, आणि घरातलं कोणी तरी लिहितं आहे. छत्रीचा किस्सा मी तुमच्यासाठीच सबंध लिहिला. साहेबांना तो पुन्हा सांगायची काय गरज होती?

पुली बसली हेही ठाऊक होतं. मी मोजून पाठवली होती, माझं माप चुकत नाही. तरी शोधायला निघालो. 'नाही मिळत' म्हणून लिहिलं असतं तर तुम्ही आभार मानून गप्प झाला असता. तेव्हा हात तुमच्यामुळे मोडला असं मनाला लावून घेऊ नका. तेवढाच माझाही स्वार्थ होता त्यात. दुकानात दिवसदिवस कोणी येत नाही, वहिनी. पोस्टमन आला की मी दारात उभा असतो.

आता तुमचा प्रश्न. दोन दिवस दुकान बंद ठेवून एकेचाळीस पत्रं पहिल्यापासून वाचली. खरं सांगा म्हणालात म्हणून सांगतो. नाही. तुमचं नाव कुठेही नाही. घराबद्दलही एक अक्षर नाही. पुल्या, बेल्ट, मोजणीच्या भानगडी, बस्स.

पण प्रत्येक पत्राचा शेवट एकच आहे. वाक्य अर्धं राहिलं असेल तर तसंच सोडलेलं, आणि खाली लिहिलेलं, 'चहा आला. थांबतो.' एकेचाळीस पत्रं, एकेचाळीस वेळा. एकदा तर मोठ्या रंगात येऊन साहेब सांगत होते की तहसीलदारांच्या खुर्चीखाली काय निघालं, आणि तिथंच, चहा आला, थांबतो. पुढच्या पत्रात तो विषयच नाही! काय निघालं ते मला अजून माहीत नाही.

मी एकटा माणूस. माझा चहा मीच करतो आणि मीच आणतो. खरं सांगायचं तर त्या वाक्याचा मला हेवा वाटायचा. फेब्रुवारीतल्या पत्राच्या शेवटी लोभ आला आणि चहा आला नाही, तेव्हाच मी समजून चुकलो की त्या घरात काही तरी मोडलं.

पत्रांवर तुमचा हक्क आहे. सांगाल तेव्हा सगळी खोक्यात घालून पाठवतो.

तुमचा,
पुलीवाला


१४ मे

पुलीवालेभाऊजी,

हे पत्र मी हातानं लिहिते आहे. टाइप करून तुम्हाला खूप खोटं लिहून झालं.

दुपारी चार वाजता मी गॅरेजमध्ये चहा नेऊन ठेवायची. हे मान वर करायचे नाहीत. टाइपरायटरच्या शेजारी कप ठेवायचा आणि परत फिरायचं, अशी आम्ही दोघं निवृत्त झाल्यापासूनची रीत. कधी राग आला की आपटून ठेवायची, तरी बघायचे नाहीत. मला वाटायचं की मी आले काय, गेले काय, ह्या माणसाला पत्ता नसतो. माझी पाठ वळल्यावर ते काय टाइप करायचे ते मी कधी वळून पाहिलं नाही. तुमचं पत्र वाचलं आणि त्याच जागी उभी राहून मी मोठ्यानं रडले. मग हसलेही, कारण तहसीलदारांच्या खुर्चीखाली काय होतं ते माझ्या चहापायी गेलं.

काल कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं रेडिएटर जोडला, गॅस भरला, गाडी सुरू करून दिली. तुमची पुली जराही आवाज करत नाही. दोन्ही बेल्ट सरळ फिरतात. तो गेल्यावर मी शेजारच्या सीटवर बसून एसी लावला. सुरुवातीला धूळ आली, मग गार वारा. पाचेक मिनिटं बसले. चालवायच्या सीटकडे बघवेना, म्हणून बंद केला. फार एकटं वाटलं, खोटं कशाला सांगू. बहीण बोलावते आहे, पण मी इथंच राहणार.

आता गाडी पूर्ण झाली. तुमच्याकडून मागवण्यासारखा एकही भाग उरलेला नाही. तरी एक मागणं आहे.

ह्यांची पत्रं पाठवा, पण खोक्यात घालून सगळी एकदम नको. एकदम आली तर मी एका दिवसात वाचून काढीन, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हे घर आणि मी. तुम्ही मला तुमचं पत्र लिहा, त्याच्यासोबत ह्यांचं एकच घाला. मी उत्तर पाठवीन, मग दुसरं घाला. माझं वय अडुसष्ट. तुमचं किती ते मला माहीत नाही. पत्रं एकेचाळीस आहेत.

डाव्या हातानं लिहिलंत तरी चालेल. घाई करू नका.

तुमची,
वहिनी